तीन हजार तीनशे सदतीस बस आणि रिकामे सभागृह

मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. मुंबईचा हवामान कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. २०५० पर्यंत शहराचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन महापालिकेने ज्या दिवशी दिले, त्या दिवशी त्या वचनाचा हिशेब मागू शकेल असा एकही निवडून आलेला माणूस पालिकेत उरला नव्हता. ही अवस्था पुढे जवळजवळ चार वर्षे टिकली. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत आयुक्तच प्रशासक होते.

या प्रकरणाची उजळणी आज करण्याला कारण आहे. शहराची वाहतूक आणि हवामान यांच्याविषयी आपण बोलतो तेव्हा चर्चा बहुतेक वेळा प्रकल्पांची असते: मेट्रो, किनारी मार्ग, विजेवरच्या बस. त्या प्रकल्पांवर नजर कोण ठेवते, प्रश्न कुठे विचारला जातो आणि उत्तर न मिळाल्यास पुढे काय होते, हा भाग कंटाळवाणा म्हणून सुटतो. मुंबईत मार्च २०२२ नंतर नेमका तोच भाग गळून पडला, बेस्ट या पालिकेच्या बससेवेवर देखरेख करणाऱ्या समितीसह. त्यामुळे त्याचे मोल काय होते हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

आराखड्यात काय आहे

आराखड्याचे काम २०२१ मध्ये सुरू झाले. मुंबई त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, सी-४० या महानगरांच्या जागतिक गटात सामील झाली होती. आराखड्याने २०१९ हे आधारवर्ष धरले. त्या वर्षी शहराचे उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टनांच्या घरात, म्हणजे दरडोई सुमारे १.८ टन होते. त्यात ऊर्जावापराचा वाटा ७२ टक्के, वाहतुकीचा २० टक्के आणि घनकचऱ्याचा ८ टक्के. २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के कपात हे मधले टप्पे आहेत. देशाचे निव्वळ शून्याचे लक्ष्य २०७० चे आहे. मुंबईने स्वतःला त्याच्या वीस वर्षे आधी बांधून घेतले.

दस्तऐवज म्हणून आराखडा चांगला आहे. त्यातली आकडेवारी तपासता येते, टप्पे ठरलेले आहेत, आणि पूर, उष्मा, कचरा, झाडे, हवा यांची सांगड त्यात घातली आहे. अडचण त्याच्या मजकुरात नव्हतीच. तो ज्या सभागृहापुढे वर्षानुवर्षे यायला हवा, ते सभागृहच नव्हते.

वाहतुकीच्या २० टक्क्यांचा अर्थ वर्षाला सुमारे ४७ लाख टन. त्यातले फार थोडे थेट पालिकेच्या हातात आहे. उपनगरी रेल्वे केंद्राची, मेट्रो राज्याच्या यंत्रणांची, वाहनांची नोंदणी परिवहन खात्याची. पालिकेकडे राहतात रस्ते, पदपथ, वाहनतळ, विकास आराखडा आणि बेस्ट. यांपैकी रोज लाखो माणसांना खाजगी वाहनापासून दूर ठेवण्याची ताकद एकट्या बेस्टमध्ये आहे.

बेस्ट समिती

बेस्ट ७ ऑगस्ट १९४७ पासून पालिकेच्या मालकीची. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार तिच्यावर देखरेख करायला स्वतंत्र बेस्ट समिती असते. उपक्रमाचे महाव्यवस्थापक दैनंदिन कारभार पाहतात, पण अर्थसंकल्प, भाडे, मोठी कंत्राटे आणि धोरण समितीपुढे आणावे लागते.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बेस्ट फक्त बस चालवत नाही, शहर भागाला, म्हणजे उपनगरे सोडून दक्षिणेकडच्या मुंबईला, वीजही पुरवते. उत्सर्जनात ७२ टक्के वाटा असलेली ऊर्जा आणि २० टक्के वाटा असलेली वाहतूक, या दोन्हींशी एकाच वेळी संबंध असलेली पालिकेची समिती हीच. शहर भागाची वीज कोळशाची किती आणि सौर किती, ती कोणत्या कराराने घेतली आणि त्या विजेवर चालणारी बस खरोखर किती स्वच्छ ठरते, हे सगळे एकाच टेबलावर मांडता येईल अशी ही जागा. हवामानाच्या कामासाठी नवी समिती घडवायची असती तरी याहून योग्य रचना सुचली नसती. मार्च २०२२ मध्ये सभागृहाबरोबर तीही विसर्जित झाली.

३,३३७ चा हिशेब

या प्रकरणाचा गाभा एका आकड्यात आहे.

बेस्टचा तोटा वाढत गेला तसा २०१८ च्या सुमारास भाडेतत्त्वावरच्या बसचा, म्हणजे वेट लीजचा प्रस्ताव पुढे आला. बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. मार्ग बेस्ट ठरवणार. पैसे धावलेल्या किलोमीटरवर. कामगारांचा त्याला कडाडून विरोध होता. हा विषय बेस्ट समितीत गाजला, औद्योगिक न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये बस कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. संपात इतरही मागण्या होत्या, पण उपक्रमाचे भवितव्य हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता.

शेवटी जून २०१९ मध्ये तोडगा निघाला. भाड्याच्या बस येतील, मात्र बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ बसचा ताफा कायम राहील, असा लेखी करार प्रशासन आणि कामगार संघटना यांच्यात झाला. ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे पाच रुपयांवर आले आणि प्रवासी परत बसकडे वळले. पालिकेने आर्थिक मदतीचे आश्वासन दिले. खडाजंगी, संप, न्यायालय आणि वाटाघाटी यांतून का होईना, एक मोजता येणारा आकडा कागदावर आला होता.

आज बेस्टच्या मालकीच्या बस काही शेकड्यांवर आल्या आहेत. स्वतःच्या आणि भाड्याच्या मिळून एकूण ताफा तीन हजारांच्या खाली घसरला आहे. २०१० च्या आसपास तो साडेचार हजारांच्या घरात होता. जुन्या बसचे आयुष्य संपत गेले, त्या भंगारात निघाल्या आणि त्यांच्या जागी ठरलेल्या गतीने नव्या आल्या नाहीत.

अशा कराराचा भंग एका दिवसात होत नाही. महिन्याला चाळीस-पन्नास बस मोडीत निघतात आणि बदली आलेल्या नसतात, इतकेच घडते. कोणत्याही एका महिन्याची बातमी मोठी होत नाही. म्हणूनच दर महिन्याला बसणारी समिती लागते: मागच्या बैठकीत किती होत्या, आज किती आहेत, फरकाचे कारण काय, हे विचारणारी. हरकतीचा मुद्दा घेता येतो, प्रस्ताव राखून ठेवता येतो, फेरविचारासाठी परत पाठवता येतो. प्रशासनाला उत्तर लेखी द्यावे लागते आणि ते इतिवृत्तात राहते. २०२२ नंतर ताफा घटत असताना हा क्रमच बंद होता. कामगार संघटना आंदोलने करत होत्या, प्रवासी गट पत्रे पाठवत होते, वर्तमानपत्रे आकडे छापत होती. यांपैकी कुणालाही उत्तर देणे प्रशासनावर बंधनकारक नव्हते.

विजेच्या बस आल्या, पण किती?

२०२७ पर्यंत संपूर्ण ताफा विजेवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. त्यासाठी मोठ्या मागण्या नोंदवल्या गेल्या. वातानुकूलित दुमजली ९०० बसचा निर्णय २०२२ च्या सुरुवातीला, समिती अस्तित्वात असताना झाला. पहिली विजेवरची दुमजली बस फेब्रुवारी २०२३ मध्ये रस्त्यावर आली आणि सगळ्यांनी कौतुकाने फोटो काढले. नऊशेपैकी फारच थोड्या प्रत्यक्ष धावल्या. १,४०० एकमजली बसची निविदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तिचा निकाल मे २०२३ मध्ये लागला. दरम्यानच्या काळात मागणी २,१०० बसपर्यंत वाढवली गेली होती. पुरवठा मात्र वेळापत्रकाच्या खूप मागे राहिला.

पुरवठादार उशीर करतो तेव्हा दंड किती आकारला, मुदतवाढ कोणत्या कारणासाठी दिली, तोवर जुन्या बस चालू ठेवण्याची सोय केली का, हे प्रश्न हवामान धोरणाचेच आहेत. विजेवरची बस वेळेवर आली नाही की थांब्यावरचा माणूस आराखडा वाचत उभा राहत नाही. तो शेअर रिक्षात बसतो, नाहीतर हप्त्यावर दुचाकी घेतो. दुचाकी एकदा दारात आली की पुढची दहा वर्षे तिच्यावरच प्रवास होतो. बसची गैरहजेरी उत्सर्जनाच्या खात्यात अशी कायमची जमा होते. म्हणून माझ्या मते ताफ्याचा एकूण आकडा आणि दोन बसमधले अंतर हे हवामानाचे निकष मानायला हवेत, आणि विद्युतीकरणाची टक्केवारी त्यांच्या नंतर. ताफा निम्मा झाला आणि उरलेला सगळा विजेचा असला तर टक्केवारी शंभर दिसेल आणि रस्ते मोटारींनी भरलेले असतील.

भाडेतत्त्वाच्या पद्धतीतले धोके या काळात एकामागून एक समोर आले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनासाठी काम थांबवले आणि अनेक मार्ग ठप्प झाले. काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून बाहेर पडले. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या विजेच्या बसने गर्दीच्या रस्त्यावर माणसांना चिरडले. किमान सात जणांचा जीव गेला, चाळीसहून अधिक जखमी झाले. चालकाला नव्या प्रकारच्या बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न त्यानंतर सगळीकडे विचारला गेला. प्रशिक्षणाची अट कंत्राटात काय होती आणि तिची तपासणी कोण करत होते, हे अपघाताआधी विचारायची जागा बेस्ट समिती ही होती.

९ मे २०२५ पासून किमान भाडे पाचावरून दहा रुपये, वातानुकूलित बसचे सहावरून बारा रुपये झाले. भाडेवाढ गरजेची होती की नव्हती, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पाच रुपयांत बस चालवणे आर्थिकदृष्ट्या अवघड होते, हे मान्य करायला हवे. पण एका रात्रीत दुप्पट भाडे होताना निवडून आलेल्या एकाही सदस्याने हात वर करून होकार किंवा नकार दिला नाही. मुंबईच्या बसच्या इतिहासात हे फार वेगळे आहे.

प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा

प्रशासकीय राजवटीत आयुक्तच स्थायी समिती, आयुक्तच सभागृह. प्रशासनाने मांडलेला प्रस्ताव प्रशासनच मंजूर करते. अधिकारी व्यक्तिशः किती सचोटीचा आहे याच्याशी याचा संबंध नाही. सचोटीच्या अधिकाऱ्यालाही चूक दाखवणारा समोर लागतो. जुलै २०२३ मध्ये उपनगर जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना पालिका मुख्यालयातच कार्यालय मिळाले आणि त्यावरून वाद झाला. लोकांच्या तक्रारींना जागा हवी, ही त्यामागची गरज खरी होती. ती जागा सभागृहाच्या बाहेर गेली, हे वाईट झाले.

निवडणूक इतकी का लांबली? प्रभागसंख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ झाली, इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा चक्र हलले. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे संविधानाचे कलम २४३-यू सांगते.

सभागृह बंद असताना देखरेखीचे काम दुसरीकडे सरकले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या हवेची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि बांधकामांची धूळ, राडारोड्याची वाहतूक यांवर पालिकेला निर्देश दिले. न्यायालयाने हे केले म्हणून निदान काही तरी झाले. पण न्यायालय आग लागल्यावर येते. ते अर्थसंकल्पाच्या ओळी वाचत बसत नाही, आणि कुठल्या आगारात चार्जिंगची सोय कधी होणार हे दर महिन्याला विचारणे त्याचे कामही नाही.

आधी सगळे आलबेल होते का?

नव्हते, आणि हे सांगितल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. बेस्टचा ताफा २०२२ पूर्वीही घटतच होता. वर्षानुवर्षे समितीत बसलेल्या पक्षांनी तोटा साचू दिला, आगारांच्या जमिनींचे व्यवहार पुरेसे तपासले नाहीत. स्थायी समितीत कोट्यवधींचे प्रस्ताव मिनिटामिनिटाला मंजूर होताना मुंबईने पाहिले आहेत.

त्यातही सर्वांत बोलके उदाहरण आरेचे. २९ ऑगस्ट २०१९ रोजी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरे वसाहतीतल्या अडीच हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव मतदानाने मंजूर केला. सार्वजनिक वाहतूक एका बाजूला, जंगल दुसऱ्या बाजूला. हवामानाच्या दृष्टीने याहून कठीण निवड नसेल. प्राधिकरणात आयुक्त अध्यक्ष, नगरसेवक सदस्य, शिवाय नेमलेले तज्ज्ञ. बैठकीनंतर दोन तज्ज्ञांनी, आपल्याला प्रक्रिया नीट समजू दिली नाही, असे सांगून राजीनामा दिला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या, ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

हे उदाहरण देखरेखीच्या अपयशाचे म्हणून नेहमी दिले जाते. ते आहेच. पण जरा थांबून पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. कोणत्या तारखेला, कोणत्या प्रस्तावावर, कोणी बाजूने आणि कोणी विरुद्ध मत दिले याची नोंद झाली. विरोधकांना ती नोंद न्यायालयात नेता आली. तज्ज्ञांना आपला सहभाग जाहीरपणे मागे घेता आला. लोकांना आपल्या नगरसेवकाला जाब विचारता आला. निर्णय चुकला असे मानणाऱ्याच्या हातात पकडायला काही तरी होते. प्रशासकाच्या काळातल्या रस्ते काँक्रीटीकरणाच्या हजारो कोटींच्या कंत्राटांबाबत विरोधी मताची अशी नोंदच तयार झाली नाही. वाईट समितीसुद्धा विरोधाची नोंद मागे ठेवते, आणि मी तिला समिती नसण्यापेक्षा कितीतरी वर ठेवतो.

हवामान अर्थसंकल्प

जून २०२४ मध्ये पालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प प्रसिद्ध केला. भांडवली खर्चापैकी सुमारे ३२ टक्के, म्हणजे दहा हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम हवामानाशी निगडित आहे, असे त्यात म्हटले. ओस्लोने सुरू केलेली ही पद्धत आहे, आणि तिचा सगळा जोर राजकीय चर्चेवर आहे: प्रत्येक खर्चापुढे तो उत्सर्जन वाढवतो की घटवतो हे लिहायचे आणि मग निवडून आलेल्यांनी त्यावर भांडायचे. मुंबईत पहिला भाग झाला. भांडणारे नव्हते.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पाकडे पाहा. एकूण आकार ७४,४२७ कोटी रुपये. त्यात बेस्टला १,००० कोटी, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. रस्ते, पूल आणि किनारी मार्ग यांच्या तरतुदी याच्या कित्येक पट. मरिन ड्राइव्ह ते वरळी या किनारी मार्गावर तेरा हजार कोटींहून अधिक खर्च झाला, आणि मार्च २०२४ पासून त्यावरून मुख्यतः मोटारी धावतात. एका बाजूला वाहतुकीचे उत्सर्जन कमी करण्याचे वचन, दुसऱ्या बाजूला मोटारींसाठी ही तरतूद, हे दोन आकडे शेजारी ठेवून बोलायचे ठिकाण अर्थसंकल्पी सभा. चार अर्थसंकल्प त्या सभेविना गेले.

आता समितीपुढे काय यावे

नव्या सदस्यांना हवामानावर भाषणे करण्याची गरज नाही. सुरुवात ३,३३७ पासून करावी. २०१९ चा करार आजही लागू आहे असे प्रशासन मानते का? मानत असेल तर तो आकडा गाठायचे वर्षवार वेळापत्रक द्यावे. मानत नसेल तर तसे लेखी सांगावे आणि नवा आकडा कोणता, तो कशावरून ठरवला, हे समितीच्या मंजुरीसाठी आणावे. प्रत्येक महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय ताफ्याचा ठेवावा: स्वतःच्या किती, भाड्याच्या किती, त्या दिवशी प्रत्यक्ष रस्त्यावर किती, मोडीत किती, कोणत्या पुरवठादाराकडून किती येणे बाकी आणि किती दंड वसूल झाला. चालकांच्या प्रशिक्षणाचा तक्ता त्याच कागदाला जोडावा.

विजेची बाजूही याच समितीत घ्यावी. बेस्ट किती सौर आणि पवन वीज घेते, ते प्रमाण २०३० पर्यंत किती होणार, आणि बसच्या चार्जिंगसाठी रात्री वापरली जाणारी वीज कुठून येते, याचे उत्तर दोन विभागांनी एकत्र द्यायला हवे. आजवर ते वेगवेगळे बसत आले आहेत.

शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल आयुक्तांनी दरवर्षी सभागृहापुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. गेली अनेक वर्षे तो छापला जातो आणि बाजूला पडतो. २०३० च्या ३० टक्के कपातीपैकी या वर्षी किती झाली, हे एक पान त्यात घालायला नवा कायदा लागत नाही. सभागृहात ठरावाची सूचना देऊन एका बैठकीत ते होऊ शकते. २०३० ला आता फार थोडे अर्थसंकल्प उरले आहेत, तेव्हा ती सूचना पहिल्याच वर्षी यावी.